कळलावीच्या पानाचे टोक

एकदा एका नदीकाठच्या नगरात एक वृद्ध काचकार राहत असे. बांगड्या किंवा अत्तरदाण्या तो करीत नसे. दिव्याच्या ज्योतीवर काचेच्या कांड्या मऊ करून तो वनस्पती घडवी. ऋतू सरला की जी झाडे जमिनीत दडून जातात, तीही विद्यार्थ्यांना बारा महिने पाहता यावीत, म्हणून तेथील वैद्यपाठशाळा त्याच्याकडून औषधी रोपे करवून घेत असे. ती इतकी हुबेहूब असत की लोकांना त्यांचे कौतुक कमी आणि संशय अधिक वाटे. कोणी म्हणे, म्हातारा खऱ्या फुलावरच काच चढवतो. कोणी म्हणे, त्याच्याजवळ गुप्त साचे आहेत.

त्याच्याजवळ शिवदास नावाचा एक शिष्य होता. हात कुशल, वृत्ती महत्त्वाकांक्षी. शोभेची काचेची फुले विकणारा एक व्यापारी एके दिवशी त्याला वाटेत भेटला आणि म्हणाला, "इतकी वर्षं राबतोस. पण खरी विद्या म्हाताऱ्यानं तुला दिली आहे का? नीट लक्ष ठेव. ती तो बरोबर घेऊन जाईल आणि तू दिवा फुंकत बसशील."

शिवदास घरी परतला. तेव्हापासून तो गुरुजींकडे निराळ्या नजरेने पाहू लागला.

आणि पाहावे तसे दिसत गेले. गुरुजी रोज सकाळी परसात जात आणि आतून कडी लावून घेत. बाहेर येत तेव्हा त्यांच्या गुडघ्यांना माती असे. पिवळ्या रंगाची भुकटी कालवण्याची वेळ आली की ते म्हणत, "शिवदास, नदीवरून घागर भरून आण," मग घरात पाणी असो वा नसो. तो परतण्यापूर्वी भुकटीचा डबा पुन्हा कपाटात गेलेला असे. डबा उघडण्याआधी ते दाराकडे एकवार पाहत, हेही त्याने खिडकीआडून पाहिले. एका सकाळी परसाच्या दाराच्या फटीला डोळा लावला, तर गुरुजी कळलावीच्या एका वेलापुढे गुडघे टेकून नुसते बसलेले. हात मांडीवर. शिवदास मनाशी म्हणाला, 'आपण पाहतो आहोत हे यांना कळलं. म्हणून हे सोंग.'

त्या दिवसांत पाठशाळेसाठी कळलावी घडवण्याचे काम त्याच्याकडेच होते. त्याने पहिले रोप केले. गुरुजींनी ते उजेडात धरले, सावकाश फिरवले आणि फुटक्या काचेच्या टोपलीत टाकून दिले. "पुन्हा कर," एवढेच म्हणाले. दुसऱ्या रोपाची तीच गत झाली. तिसरे त्याने जीव ओतून केले. खाली पिवळी, वर लाल होत जाणारी नागमोडी पाकळी अशी साधली की त्याचे त्यालाच नवल वाटले. गुरुजी बराच वेळ पाहत राहिले, आणि तेही टोपलीत गेले.

शिवदासचा तोल सुटला. "तुम्ही मला मुद्दाम अडवता आहात," तो म्हणाला. "मी पुढे गेलेलं तुम्हाला नको आहे."

"कशावरून म्हणतोस?"

मग त्याने सगळे सांगितले. कडी कोणत्या वेळी लागते, ती लावताना उजवा खांदा दुखतो म्हणून गुरुजी डावा हात कसा वापरतात, डाव्यापेक्षा उजव्या गुडघ्याला माती जास्त कशी असते, डबा बंद केल्यावर ते तोंडावर पंचा धरून किती दाबून खोकतात. काहीही त्याच्या नजरेतून सुटले नव्हते.

गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "कळलावीच्या पानाचं टोक कसं असतं?"

"टोक?" शिवदास अडखळला. "पानाचं असतं तसंच. निमुळतं."

गुरुजी उठले. त्यांनी परसाचे दार उघडले आणि त्याला वेलापाशी नेले. पानाचे टोक निमुळते होते खरे, पण तिथेच संपत नव्हते. पुढे दोऱ्यासारखे बारीक होऊन ते वळले होते, आणि त्याने शेजारची काटकी घट्ट धरली होती. प्रत्येक पानाने काही ना काही धरले होते. वेलाच्या मुळाशी माती उकरलेली होती व नांगराच्या फाळासारखे कंद उघडे पडले होते.

"हे कंद विषारी," गुरुजी म्हणाले. "मी वेल पाहण्यात गढलेलो असतो, तेवढ्यात शेजारची लहान मुलं खेळता खेळता आत येतात, दिसेल ते तोंडात घालतात. म्हणून कडी लावतो. ती पिवळी भुकटी श्वासातून छातीत उतरते. माझी छाती गेलीच आहे, तुझी तरी राहावी, म्हणून तुला पाण्याला पाठवतो. हे मात्र मी तुला सांगायला हवं होतं."

शिवदासने मान खाली घातली.

"तू पाहिलंस ते सगळं खरं होतं," गुरुजी पुढे म्हणाले. "अर्थ तेवढा तू आधीच ठरवून आला होतास. कळलावीचंही तेच केलंस. नदीच्या वाटेवर ती कुंपणभर फुलली आहे, तू रोज तिच्याजवळून जातोस. पण फूल कसं असावं हे तुझं ठरलेलं होतं, म्हणून पानाकडे पाहण्याची गरजच तुला वाटली नाही. पलीकडच्या गावच्या पाठशाळेत बाजारातून आणलेली अशीच एक कळलावी होती. फूल देखणं, पानांची टोकं सरळ. तिथले दोन विद्यार्थी वनात गेले. वेलाला तेव्हा फूल नव्हतं. टोकं वळलेली पाहून ते म्हणाले, ही कळलावी नव्हे. त्यांनी कंद भाजून खाल्ला. एक परत आला."

शिवदासने पानाच्या वळलेल्या टोकाला बोट लावून पाहिले.

"ओबडधोबड रोप असतं तर त्यावर कोणी विसंबलं नसतं," गुरुजी म्हणाले. "तुझं तिसरं रोप फार सुंदर होतं. म्हणून ते फोडावं लागलं."

एवढे बोलून ते कामाला आत निघून गेले. शिवदास वेलापुढे बसून राहिला. पहिल्या काही घटकांत त्याला स्वतःच्या लाजेखेरीज काही दिसेना. मग हळूहळू दिसू लागले, की फुलातून निघणारा एक बारीक हिरवा दांडा सरळ न जाता मुळाशीच काटकोनात वळला आहे. की खालचे फूल जवळजवळ पूर्ण लाल आहे आणि वरचे, नुकते उमललेले, हिरवट पिवळे. ऊन माथ्यावर आले तेव्हा तो दारात येऊन उभा राहिला.

"गुरुजी, ही फुलं दोन रंगांची आहेत, की एकच फूल दिवसागणिक लाल होत जातं?"

वृद्धाने ज्योतीवरून मान वर केली. शिष्याने त्यांना विचारलेला हा पहिलाच प्रश्न होता, ज्याचे उत्तर त्याने मनात आधी ठरवले नव्हते.

"उद्या पाहा," ते म्हणाले, "आणि मला सांग."