एका वेळी दोन गाऱ्हाणी

"दोन्ही एकत्र घेतली, तर गुण दुप्पट येणार नाही का?"

विचारणारे वामन पोतनीस औषधनिर्माणशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. ज्यांना विचारले ते गोविंद घाडी. देवराईत गावाच्या वतीने देवापुढे गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराण्याकडे होता. वेळ भर दुपारची. त्या वेळी राईत सहसा कोणी शिरत नाही.

समोरच्या जुन्या फणसाच्या खोडातून फणसांबा बाहेर आला होता. काळी, लाकडासारखी कठीण अळंबी. आकार कानासारखा.

"खंयची दोन?" घाडींनी विचारले.

पोतनिसांनी सांगितले. त्यांच्या मूत्राशयातली कर्करोगाची गाठ काढून झाली होती. आता दर आठवड्याला क्षयाचे दुबळे केलेले जंतू नळीने आत सोडत. त्या जंतूंच्या येण्याने शरीराची संरक्षणशक्ती जागी होते आणि रोगावर चालून जाते. तीन मात्रा झाल्या होत्या, तीन उरल्या होत्या.

"म्हणजे राखणदाराक जाग येवची म्हणान घरात लंगडो चोर सोडतास."

राखणदार म्हणजे गावाची शीव राखणारी अदृश्य सत्ता. ती दिसत नाही, तिच्या काठीचा आवाज तेवढा ऐकू येतो, अशी तिथली श्रद्धा.

"अगदी तसेच. या अळंबीचा अर्कही त्यालाच उठवतो. उंदरांवर दिसले आहे. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे, एवढेच."

"एवढाच?"

"घाडीबुवा, तुम्ही पिढ्यान्‌पिढ्या हा फणसांबा देता, आणि पुरावा मला विचारता?"

"आमी हिरड्यांक लावतंव. ह्यो रोग तुमी आणलास... डॉक्टर काय म्हणतत?"

"त्यांना विचारलेले नाही."

"कित्याक?"

"ते नको म्हणतील."

घाडींनी त्यांचे मनगट हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाही.

"आंग तापला हा. कधीपासून?"

"चार दिवस. याच अळंबीचा बाजारातला अर्क सुरू केला तेव्हापासून. ताप ही जाग आल्याचीच खूण. पण डॉक्टरांना कळले, तर ते चौथी मात्रा थांबवतील. मला थांबायचे नाही. मला जगायचे आहे."

घाडी उठले.

"उभे रवा. गाऱ्हाणा घाला."

"मी? ते तर तुम्ही घालायचे."

"मीय घालतंय. दोघांनी एकदम."

पोतनीस हसले. गाऱ्हाणे एका जागी, एका वेळी, एकाच तोंडून घालायचे असते, हे त्यांनाही ठाऊक होते. "नियम मोडायचा?"

"चार दिवस मोडतासच मा?"

दोघांनी एकाच वेळी हाक घातली. पोतनिसांनी आयुष्य मागितले. घाडींनी काय मागितले, ते पोतनिसांना स्वतःच्या आवाजापुढे ऐकू आले नाही.

झाडांवरची किरकिर थांबली.

मग राईच्या आतून काठी टेकल्याचा आवाज आला. टक्... टक्... वाळल्या पानांवर पाऊल मात्र वाजत नव्हते.

आवाज घाडींकडे आला, थांबला. पोतनिसांकडे वळला, थांबला. मग दोघांभोवती फिरू लागला. एक फेरी... दुसरी...

"कोण आहे?"

"ज्याका बोलावलास तो."

"हे काय करतो आहे?"

"चोर शोधता हा."

"इथे चोर कुठला? आपण दोघेच तर आहोत."

घाडींनी पोतनिसांकडे पाहिले.

आवाज पोतनिसांच्या पाठीमागे येऊन थांबला. तापलेल्या मानेवर गारवा उतरला. त्यांनी वळून पाहिले नाही. खिशातून मोबाइल काढला, डॉक्टरांना फोन लावला आणि ताप, अर्क, लपवलेले चार दिवस, सगळे सांगितले. पलीकडून उत्तर आले की अर्काचा थेंबही घेऊ नका, आत्ताच्या आत्ता रुग्णालयात या.

फोन बंद झाला. काठी जवळ आली नाही. दूर गेल्याचाही आवाज झाला नाही.

"मी सगळे सांगून टाकले," पोतनीस हलक्या आवाजात म्हणाले. "आता तो परत जाईल ना?"

घाडींनी त्यांच्या खांद्यावरून मागे पाहिले.

"बोलावताना दोन आवाज होते. आता 'जा' म्हणान सांगूक माझो एकच उरलो हा; चोराचो तो आयकणा नाय."