आमरीचा मान

त्या बागेत मोठेपणा मोजायची एकच रीत होती : कोण किती दिवस टिकलं. वास कुणाचा गोड, रस कुणाचा दाट, हे तिथं कोणी विचारतच नसे. रोज ऊन कललं की कुंडीतली कोरफडमावशी वाफ्यांकडे बघून हाक मारी, "कोण कोण आहात गं?" जी फुलं अजून उमललेली असत ती "आहे, आहे" म्हणत. कालचं एखादं फूल आज गप्प राहिलं, की मावशी हळहळे. "गेलं बिचारं! तरी सांगत होते, पाहुण्यांना एवढं जवळ करू नये."

पाहुणे म्हणजे मधमाश्या, फुलपाखरं, भुंगे. पाहुणा येऊन गेला की दोन-तीन दिवसांत फूल मान टाकतं, हे बागेनं पिढ्यानपिढ्या पाहिलं होतं आणि त्यातून आपल्या अकलेप्रमाणे अर्थ काढला होता. त्या फुलाच्या जागी पुढं काय धरतं, हे बघायला कोणी थांबत नसे. पाकळी गळाली, विषय संपला.

आमरी, म्हणजे ऑर्किड, आंब्याच्या खोडाला काथ्यानं बांधलेली होती, सावलीच्या बाजूला. त्या वर्षी तिच्या दांडीवर एकच फूल आलं, पांढरं, जांभळ्या ठिपक्यांचं. खाली वाफ्यात पुदिना होता, ओवा होता, तुळशीला मंजिऱ्या आल्या होत्या आणि शेपू तर पिवळ्या छत्र्या उघडून बसली होती. तिच्याकडे सकाळपासून जी झुंबड उडे, ती ऊन तापेपर्यंत हटत नसे. नुसती गुणगुण! आमरी ती वरून ऐकत राही.

"आमरीताई," शेपूनं एकदा मान वर करून विचारलं, "एवढी नटून कुणाची वाट बघतेस गं?"

"कुणाची नाही बाई. मला आपली शांतता बरी वाटते."

धडधडीत खोटं! पाखरं बोलायच्या आधीपासून ती पाकळ्या सावरून बसलेली असे. खूप जण यावेत असं तिचं मागणं नव्हतं. एकदा, एक कोणीतरी यावं आणि घटकाभर टेकावं, एवढ्यासाठी तिचा जीव तुटत होता. पण आंब्याच्या आडबाजूला वळणार कोण?

दिवस गेले. मोगरा गेला, कर्दळ गेली. आठव्या दिवशी शेपूही हाकेला बोलली नाही. ती बिनकामाची बडबडी शेपू गप्प झाल्यावर आमरीला बाग खायला उठली. मावशीनं मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

पंधराव्या दिवशी मावशीनं सगळ्यांसमोर जाहीर केलं, "असं टिकलेलं फूल कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. हिला मानाची जाळी द्यायची."

मानाची जाळी ही त्या बागेतली सगळ्यात मोठी गोष्ट. पंधरा दिवस टिकलेल्या फुलापुढं कोळी जाळी विणे, म्हणजे कुणी पाहुणा येऊन त्याचा घात करायला नको. नको म्हणावं, असं आमरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सगळी बाग तिच्याकडे बघत होती, पुदिन्यासारखा फटकळसुद्धा तिला "आमरीबाई" म्हणाला, आणि इतक्या जणांनी आपल्याकडे बघावं ही तिच्या जन्मातली पहिलीच वेळ. शिवाय तिला वाटलं, विणायला का होईना, कोळी तरी येईल.

कोळी आला. "वारा कुठल्या अंगानं येतो?" एवढंच त्यानं विचारलं. आमरीनं वारा सांगितला, मग सावली सांगितली, मग शेपूची आठवण सांगितली, आपण सकाळी किती लवकर उठतो तेही सांगितलं. कोळी हूं हूं करत होता आणि धागे ताणत होता. काम झालं तसा तो सालीच्या खबदाडीत जाऊन बसला. आमरी कितीतरी वेळ बोलतच होती.

बाविसाव्या दिवशी सकाळी खोडाच्या या बाजूला गुणगुण आली. एकटीच मधमाशी होती, दमलेली.

"बाई गं," ती लांबूनच म्हणाली, "हा वास तुमचाच ना? तीन दिवस शोधतेय. इतक्या आडबाजूला कशाला बसता?"

बावीस दिवस जे मनात घोळवलं होतं ते सगळं आमरी विसरली. मान, बाग, मावशी, काही काही आठवलं नाही. आनंदानं ती नुसती थरथरली.

"ये ना," ती म्हणाली. "ये, ये, अशी सरळ ये."

मधमाशी सरळ आली.

जाळी गदगदा हलली. खबदाडीतून कोळी धावत आला आणि धाग्यांचे वेढे घालू लागला.

"सोड तिला!" आमरी ओरडली. "अरे, मी बोलावलं होतं तिला!"

"मानाचं काम आहे, बाईसाहेब," कोळी हात न थांबवता म्हणाला. "त्यात बोलावलेलं-न बोलावलेलं बघायचं नसतं."

त्या संध्याकाळी मावशीची हाक आली तेव्हा उत्तर द्यायला आमरीला फार वेळ लागला. पण तिची एकही पाकळी सुकली नव्हती. "आहे" म्हणावंच लागलं, आणि बागेनं तिला नमस्कार केला.

चार दिवसांनी कुंपणावर गोकर्णीची दोन नवी फुलं उमलली. मधमाशी आमरीच्या ओठांपासून बोटभर अंतरावर लटकलेली होती. वाऱ्याची झुळूक आली की ती जरा पुढं येई, जरा मागं जाई.

"ते बघ," धाकटी म्हणाली, "आमरीबाईंकडे पाहुणी आलीय."

"कधीची आहे," थोरली म्हणाली. "किती गप्पा असतील गं त्यांच्या! उठतच नाही."