ओसरीवर आणलेली पेटी

एकदा एका बाजारपेठेत एक वयोवृद्ध पेढीवाले होते. त्यांच्या हाताखाली एक तरुण शिष्य व्यवहार शिकत होता. लोक विश्वासाने ठेवी ठेवत आणि वृद्ध त्याच रकमा विणकरांना, तेल्यांना कर्जाऊ देत. मात्र प्रत्येक ठेवीतला पाचवा हिस्सा ते तळघरातल्या पेटीत घालत आणि कितीही बडा व्यापारी आला तरी त्याला हात लावू देत नसत. शिष्याला हे मुळीच पटत नसे. पैसा असा कुजवायचा, मग पेढी वाढणार कशी?

एके दिवशी पेढी बुडाल्याची आवई उठली. कोण म्हणाले, कुणालाच ठाऊक नव्हते; पण सकाळी दारात ही गर्दी! रांगेत शिष्याची आईही होती. लेकीच्या लग्नासाठी पोटाला चिमटा काढून साठवलेले सारे तिने इथेच ठेवले होते. सगळ्यांनी एकदम मागितले तर पेटी पुरणार नाही, हे शिष्य जाणून होता. दार लावून घ्यावे आणि आईचे तेवढे मागच्या दाराने द्यावे, अशी त्याने गुरूंना विनवणी केली.

वृद्धांनी त्याचे ऐकले नाही. त्यांनी पेटी वर आणवली, भर ओसरीवर ठेवून झाकण उघडले आणि पहिल्या माणसापासून हसतमुखाने रक्कम द्यायला सुरुवात केली.

शिष्याला आईकडे बघवेना. पेटी अर्ध्यावर आली, त्याहून खाली गेली. पण रांगेतले चेहरे निवळू लागले. मागचे पुढच्यांना विचारत, आणि पैसे मिळताहेत असे कळताच घरची वाट धरत. आईची पाळी आली तेव्हा ती पेटीत डोकावली, मग मुलाकडे बघून म्हणाली, “राहू दे रे. घरी नेऊन जिवाला घोर कशाला? लग्न ठरलं की नेईन.”

तिच्या मागे कुणीच उरले नव्हते. शिष्य थक्क झाला. त्याने गुरूंचे पाय धरले.

ते म्हणाले, “बाळ, ही पेटी सगळ्यांना पुरेल एवढी कधीच नव्हती. आपली कर्जे सचोटीच्या माणसांकडे आहेत, ती परत येतील. पण त्यांना वेळ लागतो आणि भीतीला दम धरवत नाही. पेटी तेवढा वेळ मिळवून देते. आज आईला मागच्या दाराने दिले असते, तर सबंध गाव त्याच दाराशी आले असते, आणि मग कुणाचेच काही राहिले नसते.”

शिष्याने पेटीचे झाकण लावले. ओसरीवर ऊन आले होते आणि बहिणीच्या लग्नाचे पैसे जागच्या जागी होते.

ज्याने थोडे राखून ठेवले आहे, त्यालाच संकटात दार उघडे ठेवता येते.