दोघांची सही

निंबगावच्या तंटामुक्ती समितीचा एक नियम होता: नवऱ्याने मारहाण केल्याची तक्रार दोघांच्या सहीविना नोंदवायची नाही. उजवा हात प्लास्टरमध्ये असलेल्या गिरिजेचा अर्ज त्यामुळे दोनदा परत गेला होता. अखेर गावच्या महिला मंडळाच्या चंद्रभागाबाई साठ बायका घेऊन ग्रामसभेत येऊन बसल्या.

“नियम म्हणजे नियम, बाई,” अध्यक्ष दाजीसाहेब मिशीवरून हात फिरवत म्हणाले. “आधी नवऱ्याची सही आणा.”

चंद्रभागाबाईंनी शांतपणे समितीची नोंदवही उघडली. “आणते की! पण दाजीसाहेब, गेल्या आठवड्यात तुमच्या विहिरीवरची मोटर चोरीला गेली. त्या तक्रारीवर चोराची सही कुठं दिसत नाही ती?”

बायकांबरोबर पुरुषही हसले. ग्रामसभेने तो नियम तिथल्या तिथे रद्द केला. दाजीसाहेबांनी मुकाट्याने पेन पुढे केले आणि गिरिजेने डाव्या हाताने, वाकडीतिकडी का होईना, एकटीची सही केली.