राजाचं नाव घेऊ नये

एका राज्यात सूमेई नावाची दाई होती. ओरडून ओरडून तिचा घसा बसला, पण एकाही मेल्याने विश्वास ठेवला नाही. "अहो, पोराचे पाय दगडाचे होतायत!" वैद्य म्हणाले, थंडी आहे. सरदार म्हणाले, दाईला वेड लागलंय.

पोर म्हणजे राजा. वय वर्षं सहा. आईबाप गेले तसं प्रधानाने त्याला हिरव्या दगडाच्या सिंहासनावर बसवलं, ते खाली उतरूच दिलं नाही. प्रधान जादू जाणणारा. राजाचं नाव घेईल त्याची जीभ छाटावी, असा कायदा त्याने केला आणि पडद्याआडून हुकूम सोडले: नदी वळवा, कालवा खणा. शेतं सुकली, खणणारे चिखलात मेले. इकडे पोर कमरेपर्यंत हिरवा दगड झालं.

छपरावरचा करकोचा बोलला, "दाई, तीन तोंडांतून त्याचं नाव निघालं तर दगड सुटेल. दूध पाजणारीच्या, म्हणजे तुझ्या, मारायला येणाऱ्याच्या आणि त्याच्या स्वतःच्या."

"मारायला कोण येतंय?"

"वेशीवर बघ."

वेशीवर डोक्याला तांबडी फडकी बांधलेली प्रजा उभी होती. पुढे नावाडी दाहाई, हातात कुऱ्हाड. दरवाजे पडले, सरदार पळाले. माणसं सिंहासनाशी पोचली तेव्हा दगड पोराच्या गळ्याशी आला होता.

दाई दाहाईला आडवी आली.

"बाजूला हो, बाई. ह्याच्या हुकमाने माझा लेक कालव्यात गाडला गेला."

"हुकूम? ह्याला स्वतःचं नाक पुसता येत नाही, हुकूम कसला सोडतोय! हात लावून बघ, कसा गार पडलाय."

मग जिभेची पर्वा न करता तिने पोराचा गाल कुरवाळला. त्याच्या आईने मरताना कानात सांगितलेलं नाव घेतलं, "निंग, बाळा, इकडे बघ."

पोराने डोळे उघडले. "निंग कोण, दाई?"

दाहाई त्याच्यासमोर उकिडवा बसला. "तू रे. तू निंग. एवढंही कुणी सांगितलं नाही होय तुला?"

"मी निंग," पोराने म्हणून बघितलं. मग मोठ्याने, "मी निंग!"

दगड वितळला. पाणी होऊन पायऱ्यांवरून नदीच्या जुन्या पात्राकडे निघाला, आणि मागोमाग कालव्यातली नदीही घरी परतली. सिंहासनाच्या जागी ओली फरशी उरली. त्या घराण्याचं राज्य तिथेच संपलं. कुणी रडलं नाही.

पोर दाईच्या कुशीत शिरलं. दाहाईने कुऱ्हाड जमिनीवर ठेवली. "बाळा, मग हुकूम कोण सोडायचं?"

"मी नुसता बसायचो. तो बोलायचा."

पोराने पडद्याकडे बोट केलं. पडद्याखाली जरीचे जोडे दिसत होते.

"नाव काय त्याचं?"

पोर म्हणालं, "ख्वांगशू."