पाण्याआधी नाव

चिंबळगडाच्या माथ्यावर कातळात खोदलेलं एक टाकं आहे. चैत्रातसुद्धा त्याचं पाणी आटत नाही. काठावर, उघड्यावरच, एक दगडी बैठक दिसते. गडाचा धनी सिदोजी नाईक शेवटची वर्षं तिथंच बसून होता, असं सांगतात. वाडा सोडून तो इथं का आला, ते ऐका.

एका साली सुलतानाच्या फौजेनं गडाला वेढा घातला. चार महिन्यांत कोठारं रिती झाली. तेव्हा नाईक भर दुपारी, एकटाच, मागल्या कड्याच्या कपारीत राहणाऱ्या खविसाकडे गेला म्हणे.

खवीस म्हणाला, "उद्या सकाळी फौज उठलेली असेल. राज्य तुझ्याकडंच राहील. बदल्यात गडावरचं एक माणूस दे."

"कोण?"

"ज्याचं नाव तुला ठाऊक नाही, असं कुणीही."

नाईकाचा जीव भांड्यात पडला. बायकामुलं, भाऊबंद, शिलेदार, सगळ्यांची नावं त्याला तोंडपाठ होती. आपलं कुणी जात नाही, एवढंच त्याच्या मनात आलं. त्यानं वचन दिलं.

सकाळी खालचं माळरान मोकळं होतं. नगारे झडले, भंडारा उधळला. नाईक सदरेवर बसला आणि सवयीनं त्यानं उजवा हात पुढं केला. बारा वर्षं त्या हातात पाण्याचा तांब्या येत होता. आज आला नाही.

"पाणी आणणारी कुठाय?"

टाक्याच्या काठावर तिची भरलेली घागर सापडली, चुंबळीसकट. नाईकानं हाक मारायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. काय म्हणून हाक मारणार? तिच्या कपाळावरचं गोंदण त्याला आठवत होतं. वेढ्यात ती दुप्पट खेपा घालायची, तेही आठवत होतं. नाव तेवढं कधी विचारलंच नव्हतं.

तो अनवाणी गड उतरला. पायथ्याच्या गावात तिच्या म्हाताऱ्या बापाच्या पायाशी पागोटं ठेवून त्यानं सगळं कबूल केलं, आणि नाव विचारलं.

म्हाताऱ्यानं पागोटं उचलून नाईकाच्या हातात परत दिलं. मग म्हणाला, "आता नाव कशाला पायजे, नाईक? काल इचारलं असतं, तर पोर वाचली असती."

नाव त्यानं सांगितलं नाही. त्याचा मान राखून गावानंही ते पुन्हा कधी उच्चारलं नाही.

नाईकानं गादी भावाला दिली आणि तांब्या घेऊन तो टाक्यावर येऊन बसला. गड चढून येणाऱ्या प्रत्येकाला आधी नाव विचारायचा, मग पाणी ओतायचा. कुणी म्हणालं, "नाईक, तुमच्यामुळं गड राहिला," की मान खाली घालून म्हणायचा, "हो. गड राहिला."

आजही या टाक्यावर कुणी स्वतःच्या हातानं पाणी घेत नाही. दुसऱ्यानं ओतायचं, आणि पिणाऱ्यानं आधी त्याचं नाव विचारायचं. फक्त नाव; आडनाव नाही. पहिली ओंजळ मात्र कातळावर सोडतात. ती कुणाच्या नावानं, हे आम्हां गावकऱ्यांनाही सांगता येत नाही.