खरबरीत लखोटा

जनावरं कागदावर कारभार करत, त्या काळची गोष्ट. पाणवठा सशांच्या नावे करणारं हत्तीचं पत्र बंद लखोट्यातून नाहीसं झालं आणि सगळा आळ खरबरीत लखोट्यावर आला.

"पत्र ह्याच्याच पोटात होतं. ह्यानंच कुणाला तरी दिलं. जाळा मेल्याला!" माकड कारकून ओरडला.

भिंतीवरचं गुळगुळीत चित्र म्हणालं, "माझ्याकडे बघा, अंगावर एक डाग नाही!"

लखोट्याचा सगळ्यांनाच संशय येऊ लागला. ज्यांच्यासाठी पत्र जपलं, ते ससेसुद्धा त्याच्याकडे तिरकं बघत होते.

वैदीण साळिंदरबाई पुढे आली. "जाळा खुशाल. आधी मला ह्याला आतून बोटांचे ठसे उठवणारं औषध लावू द्या."

"लावा की," माकड हसलं. "पुसलेल्यावर काय उमटणार?"

"पुसलंय हे तुला कुणी सांगितलं रे?"

बाईनं औषध लावून लखोटा निखाऱ्यांवर धरला. औषध चुरचुरलं. शेक बसला तसा लखोटा कळवळला. आता जळलोच, असं त्याला वाटलं. मग त्याच्या आतल्या अंगावर जांभळ्या रेघांची बोटं उमटली.

"गुळगुळीतावरचा बोटांचा घाम फडक्यानं जातो. खरबरीत कागद तो पिऊन बसतो," बाई म्हणाली. "हात दाखव!"

माकडानं हात काखेत दडवले, पण डोळे चित्राकडे गेले. बाईनं चित्र उलटं केलं. मागे पत्र चिकटवलेलं होतं.

"डाग नाही म्हणून मिरवत होतंस," ती चित्राला म्हणाली, "पाठ का नाही दाखवलीस?"